हेमराजचा इंग्रजी शब्द

माझ्या मुलाची एक सवय मला मुळीच आवडत नाही. लाजेचं काही बोलायचं असलं की तो चक्कीच्या दारात येऊन उभा राहतो. धड आत येत नाही, धड बाहेर जात नाही. दार ते एवढंसं आणि त्यात हेमराजचं अंग. सगळा उजेड अडतो. पीठ कुठे पडतंय नि पट्टा कुठे फिरतोय ते मला दिसत नाही. शाळेत असताना पाटी फोडून आला की असाच उभा राहायचा. आता केस पिकले, सरकारी ऑफिसात बडे बाबू झाला, पोरीचं, ओवीचं, लग्न काढलं, तरी दार काही सुटलं नाही.

"आत ये नाई तं बाहेर हो," मी म्हटलं. "उजेड अडवून राह्यला."

"आई, बंद कर ना जरा. बोलाचं हाय."

"धम्मपालचे गहू हायेत. बोल, मले समजते."

त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तोंडाला लावला. म्हणे पीठ जातं. ह्याच पिठाच्या पोत्यांवर झोपवून ह्याला वाढवला, तेव्हा नाही गेलं कधी. खरं कारण मला ठाऊक आहे. चक्कीत जन्म काढलेल्या बाईला आवाज लागत नाही, ती ओठ वाचते. गिऱ्हाईक काय म्हणतं, भाव कशाला करतं, पाठ वळताना काय शिवी देतं, सगळं मला ओठांवरून कळतं. हेमराजला हे लहानपणापासून माहीत आहे. म्हणून रुमाल.

मी चक्की बंद केली. पट्टा थांबेपर्यंत तो दाराच्या चौकटीला नखानं उकरत होता.

"ओवीच्या हळदीचं बोलाचं होतं," तो म्हणाला. "मी तुह्यासाठी सोफा लावून ठेवतो. एकदम कूलरसमोर. तुले गरमी नाई होणार."

"अन् हळद?"

"हळद पौर्णिमा लावन. ओवीच्या मावश्या लावतीन, काकू लावन. तू अक्षता टाक ना वरून. आशीर्वाद तं कुठूनबी लागते."

"काहून?"

"किरनापुरचे लोक येतीन ना उष्टी हळद घेऊन. त्याइले थोडं..." रुमाल परत तोंडावर गेला. "थोडं अनकम्फर्टेबल वाटन."

"काय वाटन?"

"अनकम्फर्टेबल."

"म्हणजे?"

"आता कसं सांगू तुले. म्हणजे अवघड."

"अवघड वाटन तं अवघड म्हण. एवढ्यासाठी इंग्रजी काहून बोलून राह्यला?"

"तसं नाई आई. अवघड म्हटलं का कोणाचा तरी दोष येते. ह्याच्यात कोणाचा दोष नाई. कोणी वाईट नाई. फक्त वाटते."

मी चौथीपर्यंत शिकले. तिथवर असा शब्द आला नव्हता, ज्यात कोणाचाच दोष नसतो. असला शब्द असता तर किती लोकांचं किती सोपं झालं असतं.

"असं तिकडच्यायनं म्हटलं?"

"आता तोंडानं कोण म्हणते? समजून घ्यावं लागते."

"बरं," मी म्हटलं. "समजलं. आता बाजूले हो."

तो गेला तेव्हा त्याच्या खांद्यांवरून एक ओझं उतरलेलं मला पाठीवरून दिसलं. माझ्याकडे उतरवून गेला आणि म्हणे कोणाचा दोष नाही.

हेमराज रांगत होता तेव्हा ह्याचे वडील, शालिकराम, गेले. ताप मेंदूत चढला. त्यांच्या मागे ही चक्की राहिली, मी राहिले आणि सासू राहिली. सासू जहाल होती. घरातलं पहिलं लग्न निघालं ते माझ्या नणंदेचं. मी हळदीची वाटी उचलली आणि सासू भर मांडवात ओरडली, "गोदे, बाजूले हो! तुह्या हातानं अपशकुन होते."

मीही तेव्हा जवान होते. मी म्हटलं, "तुमचा पोरगा गेला तवा तर तुमच्याच मांडीवर डोकं होतं त्याचं. मंग कोणाचा हात अपशकुनी?"

सासूनं माझ्या थोबाडीत मारली. पाहुण्यांसमोर मारली. मी बाजूला झाले. पण संध्याकाळी तीच सासू ताट वाढून माझ्यापाशी चक्कीत आली, तिथे जमिनीवर बसली आणि आम्ही दोघी रडलो, कारण मेलेला माणूस दोघींचा होता. तिनं चूक कबूल केली असं नाही. मरेपर्यंत तिनं मला हळदीला हात लावू दिला नाही. पण मला बाजूला कोणी केलं ते मला माहीत होतं. तिचं नाव मला माहीत होतं, तिचा हात माझ्या गालाला माहीत होता. तिच्याशी मला भांडता आलं. हेमराजच्या लग्नातही तीच होती, तेव्हाही आम्ही भांडलो, तेव्हाही मी हरले. हरले, पण भांडून हरले.

आणि आता ऐका गंमत. आमच्या गल्लीतल्या एकूण एक नवरीच्या अंगाला लागलेली हळद माझ्या हातची आहे. लग्नघरी काय करतात, पाच सवाष्णी जात्याला आंब्याची पानं बांधतात, पाच हळकुंडं फिरवतात, गाणं म्हणतात, फोटो काढतात. पाच हळकुंडांत काय होतं? अंगठ्याएवढी हळद. बाकीची पिशवी मागच्या दारानं माझ्याकडे येते. मसाल्याच्या मशीनमध्ये लग्नाची हळद मी घालत नाही, तिच्यात मिरची फिरलेली असते, नवरीचं अंग पेटेल. कोपऱ्यात सासूचं दगडी जातं आहे, त्यावर दळते. हातानं, बसून. मांडी सुन्न होते. ती हळद मांडवात गेली की तिथे माझं नाव नाही. तेव्हा आजपर्यंत कोणाला अनकम्फर्टेबल वाटलं नाही.

धम्मपाल पोत्यावर बसून सगळं ऐकत होता. हा आमच्या चक्कीची मोटर दुरुस्त करतो. मोठा गुणाचा माणूस, फक्त बोलतो फार.

"मीनं काही ऐकलं नाई, मावशी," तो म्हणाला.

"ऐकलं नाई तं तोंड काहून असं केलं? जसं तुह्याच कणकीत खडा निघाला."

"शब्द ओळखीचा हाय म्हणून." तो हसला, पण नीट नाही हसला. "मागं खोली पाहाले गेलतो ना, बायको-पोरासाठी. खोली चांगली होती. मालकानं चहा पाजला. मंग पूरं नाव विचारलं. मीनं सांगितलं. मालक म्हणे, देखो भैया, हमको तो कोई दिक्कत नहीं, हम तो ये सब मानतेइ नहीं. लेकिन ऊपर जो किरायेदार हैं ना, वो लोग अनकम्फर्टेबल हो जाएँगे."

"मंग?"

"मंग काय. उठलो. उतरताना वर पाह्यलं. वरच्या दोन्ही खोल्यायले कुलूप. गंज चढलेलं. वर कोणी राहतच नव्हतं, मावशी."

मी चक्की चालू केली. त्याचे गहू दळताना माझे दात एकमेकांवर घासत होते, दगडाबरोबर.

संध्याकाळी घरी सुनेनं, पौर्णिमानं, साड्यांचा गठ्ठा सोडला. आजकाल हळदीलाही गणवेश असतो. सगळ्या बायका पिवळ्या. मावश्यांना पिवळी, काकूला पिवळी, शेजारच्या शीलालासुद्धा पिवळी. माझ्या हातात जी आली ती क्रीम रंगाची. किनार बारीक, साडी महाग. पौर्णिमा कपाटात तोंड घालून काहीतरी शोधायला लागली, जे तिथं नव्हतं.

ओवी पलंगावर बसून फोनवर होणाऱ्या नवऱ्याला, अपूर्वला, काहीतरी लिहीत होती. नागपूरला कंपनीत नोकरी करते. मराठी बोलता बोलता हिंदीत उतरते, पण कान आजीचे घेतलेत. तिनं मान वर केली.

"मम्मी, आजीची पिवळी कुठे?"

"आजीले पिवळा आवडत नाई," पौर्णिमा कपाटातूनच म्हणाली.

"कब बोली आजी?"

कधी बोलले ते मलाच आठवेना. माझ्या तोंडात दुसऱ्यानं ठेवलेलं ते पहिलं वाक्य, आणि तेव्हा मी ते साडीपुरतं समजले. मी साडी मांडीवर घेतली आणि घडी सरळ केली. पोरीच्या लग्नात घर फुटायला नको, असं प्रत्येक बाई प्रत्येक लग्नात म्हणत आली आहे, तसं मीही म्हटलं, मनात.

पौर्णिमा चहा टाकायला गेली तेव्हा मी विचारलं, "ओवे, अनकम्फर्टेबल म्हणजे काय व?"

"अरे वा, आजी! कुठून आणला?"

"चक्कीत सगळंच येते. तू अर्थ सांग."

"मतलब बेचैनी. पण पूरी बेचैनी नाही." ती फोन उलटा ठेवून नीट बसली. "जसं नवीन चप्पल चावते ना, दुखत नाही, पण चैन नाही पडत. तसं."

"चप्पल चावली तं माणूस चप्पल काढते. पाय नाई काढत."

ओवी इतकी हसली की पलंग हलला. मग हसता हसता थांबली आणि एकदम मोठ्या बाईसारखी बोलायला लागली.

"आजी, माझ्या ऑफिसात एक सर होते. कॉम्प्युटरवर काही दाखवायला आले की पहिले खुर्चीवर हात. मग खांद्यावर हात. मी कितने दिन चुप राहिली. रात्री झोप नाही यायची. एक दिवस सगळ्यांसमोर जोरात म्हटलं, सर, आय ॲम अनकम्फर्टेबल. बस. हात उठला तो परत नाही आला."

"एका शब्दानं?"

"एका शब्दानं. शिवी दिली असती तर मीच बदतमीज झाली असती."

"मले काहून नाई सांगितलं तवा?"

"तू चक्कीचा पट्टा काढून नागपूरला आली असती."

खरंच गेले असते. मी तिच्या खांद्याकडे पाहिलं. लहान असताना हा खांदा मी तेलानं चोळला होता.

"चांगला शब्द हाय मंग," मी म्हटलं.

"चांगलाच आहे. पण एक बात है, आजी. तो स्वतःच बोलावा लागतो. मैं अनकम्फर्टेबल हूँ, असं. दुसऱ्याच्या नावानं नाही चालत. माझ्या बाजूच्या पोरीसाठी मी बोलली असती ना, तर सर म्हणाले असते, उसको तो कुछ नहीं लग रहा, उसी को पूछो."

मग तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "पहिली हळद तू लावशील ना? मी तर अपूर्वला सांगून ठेवलं आहे, माझी आजी लावेल तेव्हा मला रडू येईल, तू हसायचं नाही."

मी तिच्या केसांतून बोटं फिरवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हेमराज दारात उभा होता. तिथेही दारातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चक्कीसमोर एक गाडी थांबली आणि खुद्द अहिल्याबाई उतरल्या. अपूर्वची आई, ओवीची होणारी सासू. किरनापुरला त्यांचं कपड्याचं दुकान आहे. बाजारासाठी इथे बालाघाटला आल्या होत्या. हातात हळकुंडांची पिशवी.

"आजी, तरास देते," त्या म्हणाल्या. "अपूर्वच्या अंगाले पाकिटाची हळद खाजते. आमच्या गावच्या बायका म्हणे, ओवीच्या आजीच्या जात्यावरची हळद म्हणजे लोणी. तं म्हटलं, नवरदेवाची बी तुमच्याच हातची होऊन जाऊ दे."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ह्याच त्या लोकांपैकी, ज्यांना माझ्या हाताचं अनकम्फर्टेबल वाटणार होतं. मी म्हटलं, बसा. पोतं झाडून दिलं. त्या चांगल्या साडीनिशी पोत्यावर बसल्या, रुमाल काढला नाही. मी जात्यापाशी मांडी घातली. जातं फिरायला लागलं. वास सुटला.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आजी, रागवणार नसान तं एक बोलू?"

"बोला ना. माह्या रागाले कोण भेते आता."

"तुम्ही हळदीले पुढं येत नाई म्हणे. अपूर्वले लई वाईट वाटलं. आमच्या घरी बी पहिले विधवा बाई लावत नव्हती, खोटं काहून बोलू. माह्या सासूबाईले मीनंच अडवलं असतं एखाद्या वेळी. पण अपूर्व म्हणे, माह्या आजीनं नाई लावली तं मी पाटावरच बसत नाई. मंग आम्ही ठरवलं, लावतीन. अन् तुमच्याकडे बी फोन केला, का ओवीले तुम्ही लावा, आमची काही हरकत नाई. तं हेमराजभाऊ म्हणाले..."

माझा हात थांबला. जातं अर्ध्यावर थांबलं.

"काय म्हणाला हेमराज?"

"म्हणाले, नाई हो, आईलेच अनकम्फर्टेबल वाटते. तिले जुन्या गोष्टी आठवतात. तिले जबरदस्ती करू नका."

बोलले असते तर त्या बिचारीवरच पडलं असतं. मी जात्याचा खुंटा घट्ट धरला आणि दळायला लागले.

म्हणजे बघा. मला सांगताना तो शब्द किरनापुरचा होता. किरनापुरला सांगताना तो माझा होता. दोन्ही घरांच्या मध्ये माझा मुलगा उभा आणि शब्द इकडून तिकडे पोचवतो, स्वतःच्या हाताला लागू देत नाही. धम्मपालच्या मालकाच्या वरच्या खोल्या मला आठवल्या. त्या खोल्यांत कोणी राहत नव्हतं. पण मालकानं निदान धम्मपाललाच त्या खोल्यांत बसवून त्याच्याच नावानं नाही म्हटलं नव्हतं. मला माझ्या पोरानं त्यातच राहायला पाठवलं होतं.

"आजी, झालं का? बारीक झाली का?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"जात्याची हळद रवाळच राहते बाई. पण अंगाले आग लावणार नाई." मी पिशवी त्यांच्या हातात दिली. "तुमच्या अपूर्वले सांगा, त्यानं हसाचं नाई."

त्यांना ते समजलं नाही. पण त्या हो म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी हेमराजला बोलावू शकले असते. घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर विचारू शकले असते. गरम दगडावर दळलं की पीठ जळतं, मी थांबले. आणि मनात कुठेतरी असंही होतं की पोरगा येईल. दारात उभा राहील, उजेड अडवील, पण सांगेल. मी चक्की बंद करून बराच वेळ दाराकडे तोंड करून बसले. तो आला नाही. त्याला मांडववाल्याकडे काम होतं.

हळदीच्या दिवशी घरासमोर गल्ली बंद करून पिवळा कापडी मांडव घातला. झेंडूच्या माळा, एक झोपाळा फुलांचा, फोटोवाल्याचे दोन मोठे दिवे. गाणं असं जोरात की छातीत धडधडत होतं. मी कूलरसमोर सोफ्यावर, क्रीम साडीत. हेमराजच्या ऑफिसचे साहेब लोक आले, त्यांच्या बायका माझ्या पाया पडून गेल्या. सोफा खरंच मऊ होता. त्यातून उठायला दोन्ही हात टेकावे लागतील इतका मऊ. हेमराजनं विचार करूनच आणला असणार.

किरनापुरची मंडळी आली. अहिल्याबाईंच्या हातात पितळी वाटी, त्यात अपूर्वची उष्टी हळद. ओवी पाटावर बसली होती, पिवळी, लहान, जशी पहिल्यांदा शाळेत बसवली होती तशी. पौर्णिमा पुढे झाली. ओवीनं तिचा हात धरला आणि इकडे तिकडे पाहायला लागली. काहीतरी विचारलं. हेमराज खाली वाकून तिला सांगायला लागला.

गाणं चालू होतं. मांडवात कोणाला काही ऐकू जात नव्हतं. साहेबांना नाही, फोटोवाल्याला नाही. पण हेमराजनं नवा कुर्ता घातला होता आणि रुमाल आत घरी राहिला होता. एवढ्या लांबून, कूलरच्या वाऱ्यात डोळे बारीक करून, मी माझ्या मुलाचे ओठ वाचले.

"आजीले अनकम्फर्टेबल वाटते, बेटा. तिले नको म्हणू. तिनंच सांगितलं मले."

ओवीचं तोंड पडलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहिलं तर मला त्रास होईल म्हणून. ती खाली बघायला लागली.

मी दोन्ही हात टेकले आणि उठले.

बायका बाजूला झाल्या. मी गाणं वाजवणाऱ्यापाशी आधी गेले. "ते बंद कर रे," म्हटलं. त्यानं हेमराजकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिकडं काय पाह्यते? लाइट माह्या मीटरवर चालू हाय." गाणं थांबलं. एकदम एवढी शांतता झाली की कूलरमधलं पाणी ऐकू यायला लागलं.

मी अहिल्याबाईंच्या हातून वाटी घेतली. हळद बोटांत चोळली. रवाळ. माझ्याच जात्याची.

हेमराज माझ्या नि ओवीच्या मध्ये उभा होता. मागून फोटोवाल्याचा दिवा, त्यामुळे त्याची सावली सगळी पोरीवर.

"हेमराज, कोणाले अनकम्फर्टेबल वाटते म्हणाला?"

"आई, नंतर बोलू. लोक हायेत."

"लोक हायेत म्हणूनच आता बोलू. किरनापुरच्यायले वाटते?"

"आम्हाले नाई, आजी," अहिल्याबाई म्हणाल्या. त्यांनी हेमराजकडे पाहिलं आणि मग त्यांना काहीतरी समजलं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ओवीले वाटते?"

"नाही, आजी!" ओवी पाटावरूनच ओरडली.

"पौर्णिमाले?"

सुनेनं मान हलवली. नाही अशी हलवली. नवऱ्यासमोर पहिल्यांदाच असेल.

"अन् मले तं कोणी विचारलंच नाई. म्हणून मीच सांगते. मले बी वाटत नाई. मंग कोण राह्यलं?"

हेमराजचा हात खिशाकडे गेला. रुमाल नव्हता. त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मांडवात कोणाला काही कळलं नाही. मला कळलं.

"मले," तो म्हणाला होता. "मले भीती वाटते, आई. उद्या ओवीचं काही झालं तं."

एवढं होतं. माझ्या पोटचा पोरगा, पिकल्या केसांचा, माझ्या हातांना भीत होता. ह्या हातांनी भरवलेलं खाऊन, ह्या हातांनी दळलेल्यावर शिकून. सासूच्या थोबाडीत एवढा जोर नव्हता. मला त्याची कीव यायला पाहिजे होती, आई म्हणून. नाही आली. खोटं कशाला सांगू.

मी वाटी डाव्या हातात घेतली. उजव्या हाताची सगळी बोटं हळदीत बुडवली. क्रीम साडीवर थेंब पडले, पडू दिले. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी बोलले, चक्की चालू असताना बोलते तशी.

"भीती वाटते तं भीती म्हण, हेमराज. तुह्या आजीनं मले तोंडावर अपशकुनी म्हटलं, मी तोंडावर जवाब दिला. तू त्या म्हातारीपेक्षा बी खाली गेला. आपली भीती तू इंग्रजीत गुंडाळली, मले म्हणे ती व्याह्याची हाय, व्याह्याले म्हणे आईची हाय, अन् आता पोरीले सांगून राह्यला का आजीच नको म्हणते. माह्या तोंडात दात माहे हायेत, शब्द बी माहेच राहतीन. ह्या हातानं तुह्यं एकच वाईट झालं, का तू भेकड निघाला. तुही भीती तुह्यापाशी ठेव, तिले घेऊन बस त्या मऊ सोफ्यावर. अन् आता तू बाजूले हो. पोरीवरचा उजेड अडवून राह्यला."